लाखाला ८६८

वांगणी, टिटवाळा, नायगाव. मुंबईच्या वेशीवरच्या अशा कुठल्याही स्टेशनबाहेर उभं राहा, समोर होर्डिंग असतंच. घराची किंमत हातभर अक्षरांत, किमतीच्या खांद्यावर एक चांदणी, आणि त्या चांदणीचा अर्थ खाली मुंगीच्या पावलांएवढ्या टायपात. 'परवडणारं घर' हे आता नुसतं विशेषण राहिलेलं नाही, ती करखात्याची व्याख्या झाली आहे. महानगरात ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांच्या आत किंमत असली की जीएसटी १ टक्का. व्याख्येत आकार आहे आणि भाव आहे. घर स्टेशनपासून किती लांब, नळाला पाणी कुणाचं, लिफ्ट बंद पडली तर पैसे कुठून येणार, खिडकीतून आभाळ दिसतं का, यातलं काहीही तिच्यात नाही. आणि माणूस राहतो तो नेमका या उरलेल्या गोष्टींत.

घर बघायला निघालेल्याने एक आकडा पाठ करून ठेवावा: ८६८. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर १ लाख रुपयांच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता ८६८ रुपये पडतो. २५ लाखांना सुमारे २१,७००. हे गणित सगळेच करतात. पण ते उलट्या बाजूनेही करता येतं, आणि तिथे डोळे उघडतात. दर महिन्याला जे ८६८ रुपये या घरापायी दुसरीकडे कुठेतरी जातात, ते त्या घराच्या किमतीत न लिहिलेले १ लाख आहेत.

रिक्षाचंच घ्या. वसाहत स्टेशनपासून अडीच किलोमीटर आत, शेअर रिक्षाचे जाताना २० आणि येताना २० धरा. घरात दोघं कमावणारे, महिन्याचे २५ दिवस. झाले २,००० रुपये. ८६८ने भागा: २ लाख ३० हजार. म्हणजे स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर सव्वादोन लाखांनी महाग असलं, तरी ते 'महाग' नाही. टँकरही याच तराजूत घालून बघा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप धरलं तर चौघांना महिन्याला १६ हजार लिटर लागतं. त्यातलं निम्मं टँकरने आणावं लागलं आणि १० हजार लिटरचा टँकर २ हजारांना पडला, तर १,६०० रुपये. आणखी पावणेदोन-दोन लाख. विरार-बोळींजला म्हाडाची हजारो घरं सोडतीमागून सोडती निघूनही पडून राहिली, तेव्हा लोकांना घर नको होतं असं नाही. लोकांनी पाण्याची चौकशी केली होती.

लोकलचा पास या हिशेबात मी मुद्दाम धरत नाही, कारण तो खरोखर स्वस्त आहे. लोकलमध्ये जातो तो वेळ. एका बाजूचा दीड तास, म्हणजे महिन्याला ७५ तास, नऊ पूर्ण पाळ्या. त्याला ८६८ने भाग जात नाही.

रिक्षाचे २० रुपये वाचवायचे तर चालावं लागतं, आणि 'आपल्याकडे लोक चालत नाहीत' हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. मुंबई महानगरात तर सगळ्यांत जास्त माणसं चालतच फिरतात. १ किलोमीटर म्हणजे बारा-पंधरा मिनिटं. एवढं कुणीही चालेल, पण चालू दिलं पाहिजे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या नियमावलीत निवासी भागातल्या फुटपाथची अडथळ्याविना रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५ सेंटीमीटर सांगितली आहे. १.८ मीटर का? दोन माणसं समोरासमोरून एकमेकांना खांदा न लावता जातील, व्हीलचेअर किंवा बाबागाडी शेजारून निघेल, एवढ्यासाठी. प्रत्यक्षात फुटपाथ ३०-३५ सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्या. गाड्या चढू नयेत म्हणून उंच केला, खाली गटार आहे म्हणून उंच केला, अशी कारणं असतात. मग प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी तो तोडतात. शंभर मीटरमध्ये चार गेटं असली की आजीबाईंनी आठदा चढउतार करायची. त्या रस्त्यावरूनच चालतात, आणि बरोबरच करतात. उपाय महाग नाही: फुटपाथ गेटपाशीही त्याच पातळीवर अखंड न्यायचा आणि चढउतार गाडीला करू द्यायची.

पेव्हर ब्लॉकबद्दल सगळे कुरकुरतात. दोष ब्लॉकचा कमी आणि खालच्या मातीचा जास्त. केबलसाठी चर खणतात, माती परत लोटतात, पण थराथराने कुटत नाहीत. वर वाळू अंथरून ब्लॉक बसवले की पहिल्या पावसात चराच्या रेषेत फुटपाथ बसतो. दुसरी चूक कडेची. दोन्ही बाजूंना घट्ट बसवलेला काठाचा दगड नसला की ब्लॉक बाजूला सरकतात, सांध्यांतली वाळू वाहून जाते आणि पाऊल पडलं की खालून पिचकारी उडते. बिल पास होताना दिसतो तो वरचा रंग.

आणि भिंती. नव्या टाउनशिपला कंपाउंड वॉल असते, तिला एक भव्य गेट, आणि ते गेट हायवेच्या बाजूला, कारण ब्रोशरमध्ये तिथेच शोभतं. स्टेशन मागच्या बाजूला. सरळ रेषेत ५०० मीटर, चालत दीड किलोमीटर. मागच्या भिंतीत एक मीटर रुंदीचं छोटं फाटक, पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत उघडं, तिथे एक दिवा आणि एक माणूस, एवढ्याने शेकडो घरांचा रिक्षाखर्च वाचतो. तरीही सर्वसाधारण सभेत हा ठराव आला की कुणीतरी 'सिक्युरिटी' हा शब्द उच्चारतं आणि विषय पुढच्या सभेवर जातो. पहारेकऱ्याचा महिन्याचा पगार दोनशे घरांत वाटून बघावा आणि शेजारी २,००० रुपये ठेवावेत.

आधी घरं, मग जमलं तर वाहतूक. यातलं 'जमलं तर' काढता येतं हे आपल्याच राज्यात एकदा दिसलं आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७०ची. मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली १९९२मध्ये. तिच्या खर्चाचे साधारण दोन भाग सिडकोने उचलले आणि एक भाग रेल्वेने. सिडकोकडे पैसा आला कुठून? जमिनीतून. गाडी येणार म्हटल्यावर जमिनीचा भाव चढतो, आणि तो चढलेला भाव ज्याच्या खिशात जातो त्याने रुळांचे पैसे द्यायचे. नवी मुंबईत जमीन सिडकोची होती म्हणून हे जमलं. इतरत्र गाडी येते सरकारी पैशाने आणि वाढलेला भाव जातो ज्याने सातबारा आधी गोळा केले त्याला. मधली बावीस वर्षं विसरायची नाहीत. रेल्वे येईपर्यंत वाशीकरांनी खाडीपुलावर बसमध्ये उभं राहून दिवस काढले. शिवाय ज्यांची शेतं आणि मिठागरं गेली त्यांना बदल्यात द्यायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचा हिशेब वेगळा आहे. पण पैसा उभा करायची वाट बरोबर होती, आणि नंतर ती फार कमी जणांनी धरली.

आता लिफ्ट. झोपडपट्टी पुनर्वसनाची, म्हणजे एसआरएची योजना १९९५ची. घर फुकट. आकार आधी २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. घर मिळालं म्हणजे प्रश्न संपला असा आपला समज. आज उभ्या असलेल्या अनेक इमारतींत देखभालीसाठी बिल्डरने प्रत्येक घरामागे ४० हजार रुपये कॉर्पस म्हणून ठेवायचे होते, त्याच्या व्याजावर सोसायटी चालावी अशी कल्पना. ७ टक्क्यांनी ४० हजारांचं वर्षाचं व्याज २,८००. महिन्याला २३३ रुपये. त्यात फार तर झाडू येतील.

खर्चाची बाजू बघा. १६० घरांची, दोन लिफ्टची इमारत धरू. दोन पाळ्यांचे वॉचमन ३० हजार, सफाई १० हजार, लिफ्टचा वार्षिक करार महिन्यावर आणला तर १० हजार, पंप-लिफ्ट-जिन्याचे दिवे यांचं वीजबिल ४० हजार. एकूण ९० हजार, घरटी ५६० रुपये. हा झाला चालू खर्च. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या बांधकामासाठीची ठेव, पाव टक्का, दरसाल. बांधकाम घरटी १२ लाखांचं धरलं तर हे वर्षाचे १२ हजार, महिन्याचे १,०००. म्हणजे खरा आकडा दीड हजारांच्या पुढे, आणि हातात आहेत २३३. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला आहे, ही खरोखर दिलासा देणारी गोष्ट. पण लिफ्टवाला कर माफी ओळखत नाही.

मग काय बिघडतं, तर ते ठरलेल्या क्रमाने बिघडतं. सिंकिंग फंड पहिल्या दिवसापासूनच नसतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी लिफ्टचा करार सुटतो, दोन लिफ्टपैकी एक बंद ठेवून तिचे सुटे भाग दुसरीला लागतात. आगीच्या पंपाची बॅटरी मरते आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण तो पंप रोज लागत नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग जातं, वरचा मजला ओला होतो, वरच्या मजल्यावरचे लोक मेंटेनन्स थांबवतात, तिजोरी आणखी रिकामी होते. दुसरी लिफ्टही बंद पडते त्या दिवशी चौदाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसासाठी शहर संपतं. जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे त्या दादर-परळला उंच जाण्यावाचून इलाज नाही, हे मला मान्य आहे. पण कर्जतच्या अलीकडे, चारी बाजूंना भातखाचरं असताना चोवीस मजली टॉवर कशासाठी? तिथे उंची जमीन वाचवत नाही, फक्त लिफ्टचं बिल जन्माला घालते.

लिफ्टशिवाय दाट वस्ती होत नाही, हेही खरं नाही. सीबीडी बेलापूरला टेकडीच्या पायथ्याशी चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात वसवलेलं आर्टिस्ट व्हिलेज बघावं. हेक्टरी सुमारे ५०० माणसं, आणि एकही लिफ्ट नाही. सात घरांमध्ये मिळून ८ मीटर बाय ८ मीटरचं अंगण. असे तीन गट एकत्र येऊन २१ घरांचं, १२ बाय १२चं मोठं अंगण. भूखंड ४५ चौरस मीटरपासून ७५पर्यंत, म्हणजे कारकुनाच्या आणि अधिकाऱ्याच्या जमिनीत दुपटीचाही फरक नाही. सगळ्यांत हुशारीची गोष्ट भिंतीत आहे: कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. पगार वाढला की शेजाऱ्याची परवानगी न मागता मजला चढवता येतो. आज तिथे मूळ उतरत्या कौलांची घरं मोजकीच दिसतात, बाकी लोकांनी पाडून आपल्याला हवी तशी बांधली. वास्तुकलेचे विद्यार्थी हळहळतात. मला त्यात अपयश दिसत नाही. अंगणं अजून तिथेच आहेत.

चारकोप आणि गोराईची गोष्ट त्याहून साधी. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून तिथे अल्प उत्पन्न गटांसाठी छोटे भूखंड पाडले, बरेचसे २५ ते ४० चौरस मीटरचे. सरकारने रस्ता, गटार, पाणी, शौचालयाची सोय दिली. घर ज्याने त्याने जमेल तसं बांधलं. आधी पत्रे, मग विटा, मग स्लॅब. साधारण ३५ भूखंडांची एक सोसायटी, मधे सामाईक चौक. मोठे भूखंड बाजारभावाने विकून छोट्यांचा भाव खाली ठेवला. आज तिथे दोन-तीन मजली घरांच्या रांगा आहेत, चौकात सायकली आणि गणपतीचा मांडव आहे, आणि लोकांच्या डोक्यावर लिफ्टचं बिल नाही. ही योजना फसली म्हणून बंद पडली नाही. तयार इमारतीची फीत कापता येते, कोऱ्या भूखंडाची कापता येत नाही, असं मला वाटतं.

इथवर बरंचसं ८६८ने भागता आलं. उजेडाला तो भागाकार लागू पडत नाही.

१८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, मांडवीच्या दाट वस्तीत पहिल्यांदा दिसला. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला; आजही उभ्या असलेल्या बीआयटी चाळी त्याच्याच. पुढे जे. पी. ऑर हे ट्रस्टचे अध्यक्ष असताना त्यांनी एका नियमाचा फार पाठपुरावा केला. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत दोरी ताणली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त उभी असता कामा नये. साडेत्रेसष्टच का, तर त्या कोनाला उंची बरोबर अंतराच्या दुप्पट होते. इमारत १२ मीटर असेल तर समोर ६ मीटर मोकळे. गवंड्यालाही तोंडी सांगता येईल असा नियम.

त्याची किंमत होती, ती लपवून चालणार नाही. अंतर सोडलं की खोल्या कमी होतात, खोल्या कमी झाल्या की भाडं वाढतं. ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत पाडलं जास्त आणि बांधलं कमी, आणि हटवलेली माणसं शेजारच्या चाळींत कोंबली गेली. उजेड आणि स्वस्ताई यांची ओढाताण शंभर वर्षांहून जुनी आहे. फक्त तेव्हा वाद उघड चालला. पुढे तो विकास नियमावलीच्या एका सवलतीत मिटवून टाकला गेला: पुनर्वसनाच्या इमारती २४ मीटरपर्यंत, म्हणजे आठ मजल्यांच्या असल्या, तर दोन इमारतींमध्ये ३ मीटर अंतर पुरे.

ऑरसाहेबांच्या नियमाने ३ मीटर अंतराला इमारत शोभते ६ मीटरची, तळमजला अधिक एक. इथे ती २४ मीटरची आहे. दुपटीऐवजी आठपट, कोन जवळजवळ ८३ अंश. तळमजल्याच्या खिडकीला टेकून वर पाहिलं तर जुन्या नियमात साडेसव्वीस अंशांचं आभाळ दिसायला हवं होतं, इथे दिसतं सात अंशांचं. हात लांब करून चार बोटं आडवी धरली की साधारण तेवढं आभाळ झाकतं. पण तेही हिशेबातलं. खरं तर दोन्ही बाजूंनी बॉक्स ग्रिल बाहेर येतात, त्यांवर पत्रे, पत्र्यांवर ताडपत्री, मधे वाळत घातलेले कपडे. वरून कचरा पडतो, खाली साठतो, वास आणि उंदीर येतात, आणि मग खालच्या चार मजल्यांवरच्या खिडक्या बंद होतात. कायमच्या. दिवसा ट्यूब, चोवीस तास पंखा. ७५ वॉटचा पंखा वीस तास फिरला की महिन्याला ४५ युनिट. विजेचा दर १०० युनिटच्या पुढे चढतो, आणि अंधारातलं घर त्या रेषेपाशी लवकर पोचतं.

बिल हा त्यातला छोटा भाग. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने गोवंडी-मानखुर्दकडच्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८च्या सुमारास पुढे आणला: लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी. पहिल्या दोन अगदी खेटून बांधलेल्या, तिसरी मोकळी. क्षयरोगाचं प्रमाण पहिल्या दोन वसाहतींत कितीतरी जास्त निघालं, आणि त्यांतही खालच्या, उजेड न पोचणाऱ्या मजल्यांवर अधिक. कारण गूढ नाही. क्षयाचे जंतू बंद, अंधाऱ्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. ऊन आणि वारा त्यांना टिकू देत नाहीत. प्लेगच्या काळात लोकांना जे उमगलं होतं त्याच्या उलट नियम आपण लिहिला, तोही औषध फुकट मिळण्याच्या काळात.

अंतरासोबत आतली मांडणीही बघावी लागते. जुन्या गॅलरीच्या चाळीत दार एका बाजूला आणि खिडकी समोरच्या बाजूला, त्यामुळे वारा खोलीतून आरपार जायचा. आताच्या इमारतीत मधे बोळ आणि दोन्ही बाजूंना घरं. प्रत्येक घराला उघडी बाजू एकच. पंखा तीच हवा ढवळतो. नकाशा टेबलावर असतानाच बोळाची दोन्ही टोकं उघडी ठेवली आणि प्रत्येक दारावर दोन फुटांचं झडपेचं व्हेंटिलेटर दिलं, तर खर्च नाममात्र वाढतो. इमारत उभी राहिल्यावर हातात उरतो तो एक्झॉस्ट फॅन, आणि तो लावताना बहुतेक जण एक गोष्ट विसरतात: बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी आत यायला वाट हवी. दाराखाली बोटभर फट किंवा समोर जाळी नसेल, तर फॅन जागच्या जागी आवाज करतो. अरुंद डक्टमध्ये वर-खाली सगळ्यांचे फॅन तोंड करून असतील, तर तिसऱ्या मजल्याची फोडणी पाचव्यावर पोचते.

ज्यांना घर बघायला जायचं आहे त्यांनी सॅम्पल फ्लॅट बघू नये. तो नेहमी कोपऱ्यावरचा, दोन बाजू उघड्या असलेला असतो. बांधून झालेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचं, मधल्या रांगेतलं घर मागावं. दुपारी बारा वाजता जावं, दिवे बंद करायला सांगावेत, आणि खिडकीपासून सर्वांत लांबच्या भिंतीला टेकून पावतीवरची बारीक अक्षरं वाचून बघावीत. मग खाली उतरून दोन इमारतींच्या मधे जावं. दोघांनी हात पसरून बोटं टेकवली की ३ मीटरची फट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरते. कुणाच्या कुकरला कितवी शिट्टी झाली ते तिथे उभ्याउभ्या मोजता येतं. बारा वाजलेत हे मात्र मोबाइल काढूनच बघावं लागतं.